प्रकाशयोजनेतील आग आणि वीजतंत्र्याचे कायदेशीर दायित्व

१. प्रश्नाची मांडणी

समजा, सोलापुरात एक जुने कापड दुकान आहे. छताला आठ ट्यूबलाइट होत्या. दिवाळीआधी मालकाने दुकानाचे रूप पालटायचे ठरवले. पीओपीचे फॉल्स सीलिंग आले आणि त्यात १८ वॅटचे ६० एलईडी डाउनलाइट बसले. आराखडा सजावटकाराने दिला, काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने घेतले, जोडण्या त्याच्याकडच्या वायरमनने केल्या. दिवे मालकाने स्वतः घाऊक बाजारातून आणले. खर्च वाचावा म्हणून ट्यूबलाइटचीच जुनी लाइन पुढे ओढायला त्यानेच सांगितले. चौदा महिन्यांनी एका रात्री छतात आग लागली. माल जळाला, माळ्यावर झोपलेला एक नोकर दगावला, शेजारच्या दुकानालाही झळ बसली.

पंचनाम्यात बहुधा ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ असे लिहिले जाईल आणि चौकशीत पहिले नाव वायरमनचे निघेल. तो दोषी आहे का? याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण यात तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिला अधिकाराचा: हे काम करण्याची कायदेशीर मुभा कोणाला होती? दुसरा दर्जाचा: जाणत्या कारागिराने जसे करायला हवे तसे ते झाले का? तिसरा कारणाचा: आग आणि मृत्यू त्या उणिवेतूनच उद्भवले का? फौजदारी कायदा, दिवाणी कायदा आणि ग्राहक कायदा या तीन प्रश्नांना सारखे वजन देत नाहीत. त्यांची सरमिसळ झाली की एकतर निरपराध कारागीर अडकतो, नाहीतर खरा जबाबदार माणूस कागदाआड सुटतो.

विवेचनाची हद्द आधीच आखून घेऊ. मीटरपर्यंतची यंत्रणा वितरण कंपनीची. तिच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ‘मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैल कुमारी’ (२००२) या निकालात कठोर दायित्वाचे तत्त्व लावले: धोकादायक वीज पुरवणाऱ्याने काळजी घेतली असली तरी अपघाताची भरपाई त्याला चुकत नाही. मीटरच्या पुढे, ग्राहकाच्या जागेत काम करणाऱ्या वीजतंत्र्याला मात्र हे तत्त्व सरसकट लागू होत नाही. त्याचे दायित्व मुख्यतः निष्काळजीपणावर उभे असते आणि तो निष्काळजीपणा दुसऱ्या बाजूने दाखवून द्यावा लागतो.

२. दिव्यातून आग लागते कशी

निष्काळजीपणा शोधायचा तर उष्णता कोठून आली हे आधी कळायला हवे. प्रकाशयोजनेत तिच्या तीन प्रमुख वाटा आहेत.

पहिली वाट सैल जोडाची. वरच्या दुकानात एकूण भार १,०८० वॅट आहे, म्हणजे २३० व्होल्टवर प्रवाह सुमारे ४.७ अँपिअर. हा सगळा प्रवाह ज्यातून जातो अशा, दोन वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या एखाद्या जोडाचा रोध काळाच्या ओघात एक ओहम झाला, तर त्या एका बिंदूत सुमारे २२ वॅट उष्णता निर्माण होते. बाजारात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तशी एक टेपमध्ये गुंडाळून रोज दहा तास छतात चालू ठेवावी, तसा हा प्रकार. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश सेल्सिअसची. जोडाजवळचे आवरण आधी मऊ पडते, मग कडक होऊन तडकते, शेवटी कोळसते. या सगळ्या काळात सर्किटमधला एकूण प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे एमसीबीला वावगे काही दिसत नाही. ती जादा प्रवाह ओळखते, जोडाचे तापमान ओळखत नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीही गप्प राहते, कारण अर्थकडे गळती झालेली नसते. आवरण पुरते जळून फेज-न्यूट्रल एकमेकांना भिडतात तेव्हा खरे शॉर्ट सर्किट होते आणि एमसीबी पडते. पण तोवर छतातल्या भुश्शाने वा लाकडी पट्टीने पेट घेतलेला असू शकतो. म्हणून अशा घटनेत शॉर्ट सर्किट हे आगीचे कारण नसून तिच्या वाटेवरचा एक उशिराचा टप्पा असते. कायद्यासाठी याचे दोन अर्थ निघतात. ‘एमसीबी पडली नव्हती, म्हणजे काम ठीक होते’ हा बचाव लंगडा आहे. ‘शॉर्ट सर्किट झाले, म्हणजे वायरमन चुकला’ हा आरोपही तितकाच लंगडा आहे.

दुसरी वाट दिव्याच्या स्वतःच्या उष्णतेची. इथे वायरिंग निर्दोष असूनही आग लागते. २० नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात लागलेली आग तेथील खासगी प्रार्थनागृहात पडद्याला टेकलेल्या एका स्पॉटलाइटमुळे सुरू झाली आणि तिने ११५ खोल्यांचे नुकसान केले. एलईडी तुलनेने थंड असले, तरी त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर तापतो. त्याला मोकळी हवा लागते, आणि फॉल्स सीलिंगच्या बंद पोकळीत, त्यावर टाकलेल्या ध्वनिरोधक गादीखाली ती मिळत नाही. दिव्याची जागा कोणी ठरवली, हा प्रश्न म्हणूनच जोड कोणी मारला या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा.

तिसरी वाट कमी व्होल्टेजची, आणि तिच्याबद्दल कारागिरांतही गैरसमज आहे. ‘बारा व्होल्ट आहे, काही होत नाही’ हे वाक्य विजेच्या धक्क्यापुरते खरे, आगीपुरते खोटे. १०० वॅटची एलईडी पट्टी १२ व्होल्टवर ८ अँपिअरहून अधिक प्रवाह खेचते. तोच भार २३० व्होल्टच्या बाजूला अर्ध्या अँपिअरच्या आसपास दिसतो. लाकडी शोकेसमधली बारीक वायर तापत असताना डीबीतल्या एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो. ड्रायव्हरमध्येच संरक्षण नसेल, तर ते वेगळे बसवणे ही जोडणाऱ्याची जबाबदारी ठरते.

३. अधिकाराचा प्रश्न: परवाना आणि त्याची सूट

विद्युत अधिनियम, २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षिततेचे विनियम केले आहेत. २०१० च्या विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. त्याही आधी भारतीय विद्युत नियम, १९५६ लागू होते. या साऱ्या प्रवासात एक तरतूद मूळ आशयात टिकून राहिली. ग्राहकाच्या जागेत नवे विद्युतकाम, वाढ, फेरबदल वा दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारानेच करायची. सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली करायची. आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना हवा. महाराष्ट्रात हे परवाने राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते आणि सुरक्षेची तपासणी विद्युत निरीक्षकांकडे असते.

या तरतुदीत एक सूट आहे आणि प्रकाशयोजनेचा बहुतेक वाद तिच्याच उंबरठ्यावर होतो. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे व फिटिंग्ज बदलायला परवाना लागत नाही. मात्र त्या बदलाने मूळ मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जळालेला बल्ब काढून दुसरा लावणे सुटीत बसते. एका ट्यूबलाइटच्या जागी तेवढ्याच वॅटची एलईडी नळी लावणेही बसते. आठ नळ्यांच्या लाइनवर ६० डाउनलाइट, तेवढेच ड्रायव्हर आणि शंभरावर नवे जोड आणणे मात्र बसत नाही. इथे भार वाढला आहे, शिवाय पूर्वी नजरेसमोर असलेले जोड आता बंद छतात गेले आहेत. क्षमता बदलली आणि स्वरूपही. भारतीय वायरिंग संहितेचा रूढ दंडक असा की, एका लाइटिंग सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॅटच्या आत असावा. आपल्या उदाहरणात दोन्ही मर्यादा ओलांडल्या गेल्या. ‘फक्त दिवे बदलले’ हे म्हणणे म्हणून टिकणार नाही.

गणेशोत्सव व नवरात्रातील मंडपांची रोषणाई तर या सुटीत कुठेच बसत नाही. तात्पुरती असली तरी ती नवी मांडणी आहे. उलट कापड, कागद, थर्माकोल आणि गर्दी यांच्या सान्निध्यामुळे तिथे काळजीची पातळी कायमस्वरूपी कामापेक्षा वर धरली जाईल. ‘दहा दिवसांचे तर काम’ हा युक्तिवाद कोर्टात उलटा पडतो.

परवान्याच्या साखळीत सर्वांत कमजोर कडी, काम तपासून ठेकेदाराने द्यायच्या टेस्ट रिपोर्टची. जागा न पाहता, मेगरने इन्सुलेशन न तपासता केवळ शिक्का आणि सही देणारा ठेकेदार स्वतःला सुरक्षित समजतो, कारण काम त्याने केलेले नसते. कायद्याच्या नजरेत त्याची स्थिती नेमकी उलट आहे. जी तपासणी झालीच नाही ती झाल्याचे त्याने लिहून दिले. हे त्याचे स्वतंत्र कृत्य आहे आणि त्यासाठी वायरमनची चूक सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही.

तरीही अधिकाराचा प्रश्न इथे थांबतो. परवाना नसणे हा नियमभंग आहे. तो आगीचे कारण आहे असे आपोआप ठरत नाही. विनापरवाना कारागिराचा जोड पक्का असू शकतो आणि आग दिव्याच्या ड्रायव्हरमधून लागलेली असू शकते. परवाना असणे हीदेखील ढाल नव्हे. परवाना माणसाची पात्रता सांगतो, त्या दिवशीच्या कामाची नाही.

४. फौजदारी दायित्व: निष्काळजीपणा किती आणि किती जवळचा

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. आगीच्या प्रकरणात तिची तीन कलमे महत्त्वाची. कलम २८७ आग व ज्वालाग्राही पदार्थांबाबतच्या बेपर्वाईचे (जुने कलम २८५), शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. कलम १२५ जीविताला धोका आणि दुखापत यांचे. कलम १०६ (१) निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे (जुने ३०४-अ). यातली कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. या वाढीचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. फौजदारी प्रक्रियेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांची दखल घेण्यास कालमर्यादा आहे, त्याहून मोठ्या गुन्ह्यांना नाही. जुन्या ३०४-अ खाली तीन वर्षांनी दार बंद होई. आज मृत्यूच्या प्रकरणात ते बंद होत नाही.

कलमे कळली तरी ती कोणाला लागतात हे निकालांतून समजते. त्यातला पायाभूत निकाल मुंबईतल्या आगीचा आहे. ‘कुर्बान हुसेन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात रंग व वॉर्निशच्या कारखान्यात परवान्याच्या अटी डावलून उघड्या बर्नरवर काम चाले. एका कामगाराने तापलेल्या मिश्रणात घाईने टर्पेंटाइन ओतले, ते फेसाळून बाहेर आले, भडका उडाला आणि सात कामगार दगावले. सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापक-भागीदाराला मृत्यूच्या कलमातून मुक्त केले: त्याच्या बेपर्वाईने मृत्यूला वाव मिळाला, पण मृत्यूचे थेट आणि नजीकचे कारण कामगाराची कृती होती. आगीबाबतच्या बेपर्वाईचे कलम मात्र कायम ठेवले. आपल्या विषयाला यातून एक नेमकी कसोटी मिळते. धोक्याची परिस्थिती निर्माण करणे हा एक गुन्हा. त्या परिस्थितीतून थेट मृत्यू घडवणे हा दुसरा. पहिला सिद्ध झाला म्हणून दुसरा होत नाही.

दुसरी कसोटी निष्काळजीपणाच्या प्रमाणाची. ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ (२००५) या निकालाने सांगितले की, फौजदारी शिक्षेसाठी साधी चूक पुरेशी नाही; निष्काळजीपणा ढोबळ, म्हणजे फार वरच्या पातळीचा हवा. प्रकरण डॉक्टरचे होते, पण कौशल्याच्या व्यवसायातील निष्काळजीपणाविषयीचे त्यातले विवेचन व्यापक आहे. कारवाईआधी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घेण्याचे जे संरक्षण न्यायालयाने दिले, ते मात्र डॉक्टरांपुरतेच. वीजतंत्र्यासाठी तशी चाळणी नाही. त्यामुळे त्याची अटक पंचनाम्यातल्या ‘प्राथमिक अंदाजा’वरही होऊ शकते आणि ढोबळपणाची चर्चा पुढे खटल्यात सुरू होते.

तिसरा निकाल दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचा. १३ जून १९९७ रोजी तिथे ५९ जण मरण पावले. तळमजल्यावरच्या वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरला त्याच दिवशी सकाळी छोटी आग लागली होती आणि मंडळाच्या माणसांनी तो दुरुस्त करून पुन्हा चालू केला होता. न्यायालयांपुढे आलेली उणीव वीजकामाच्या भाषेत साधी होती: केबलचा लग क्रिंपिंग यंत्राने दाबण्याऐवजी डाय आणि हातोडीने ठोकला गेला. जोड सैल राहिला, ठिणग्या उडाल्या, केबल सुटून रेडिएटरवर पडली, तेल गळले आणि पेटले. दुरुस्तीशी संबंधित निरीक्षक व फिटर यांना खालच्या न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले होते. उच्च न्यायालयाने ते बदलून निष्काळजीपणाने मृत्यूचे कलम लावले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

याच खटल्यात मालकांचा बचाव कुर्बान हुसेन निकालाच्या धर्तीवर होता: आग वीज मंडळाच्या माणसांच्या चुकीने लागली, आमच्यामुळे नाही. तो चालला नाही. आग लागणे आणि माणसे मरणे या दोन घटना न्यायालयाने वेगळ्या धरल्या. बंद केलेली बाहेर पडण्याची वाट आणि जादा खुर्च्या यांमुळे प्रेक्षक धुरात कोंडले, आणि हे मृत्यूचे स्वतंत्र थेट कारण होते. म्हणजे थेट कारण एकच असावे लागते असे नाही. दोन वेगळ्या माणसांचे दोन ढोबळ दोष एकाच मृत्यूला थेट भिडू शकतात.

हे निकाल सोलापूरच्या दुकानाला लावू. आग पिळलेल्या जोडातून लागली हे सिद्ध झाले, तर भार वाढवून कच्चा जोड छतात गाडणे ही वायरमनची बेपर्वाई, आणि ती मृत्यूच्या जवळची. देखरेख न करणारा पर्यवेक्षक व सही देणारा ठेकेदारही त्याच रांगेत येतात. नोकराला झोपायला दिलेल्या माळ्याला दुसरी वाट नसेल, तर मालक उपहारच्या न्यायाने स्वतंत्रपणे अडकतो. आग ड्रायव्हरच्या आतल्या दोषातून लागली असेल, तर वायरमनने नियम मोडला असूनही मृत्यूचे कलम त्याच्यावर टिकणे अवघड. अधिकाराचा प्रश्न आणि कारणाचा प्रश्न वेगळे ठेवण्याचे फळ ते हेच.

५. दिवाणी दायित्व: करार, तिऱ्हाईत आणि वाटणी

फौजदारीत जी चूक शिक्षेइतकी मोठी नसते, ती दिवाणीत भरपाईला पुरेशी असते. तिथे पुराव्याची पातळीही खालची: संशयातीत सिद्धता नको, अधिक संभाव्य काय एवढे दाखवायचे.

मालक आणि ठेकेदार यांच्यात करार आहे. तो तोंडी असला तरी भारतीय संविदा अधिनियमाचे कलम ७३ लागू होते आणि करारभंगातून साहजिकपणे होणारे नुकसान मागता येते. काम कसबाने होईल ही अट न लिहिताही त्यात असते. मुदत करारभंगापासून तीन वर्षे. बंद छतातल्या जोडाच्या बाबतीत ही मुदत फसवी आहे, कारण भंग काम झाले त्या दिवशी होतो आणि आग चौथ्या वर्षी लागते. अशा वेळी निष्काळजीपणाच्या स्वतंत्र दाव्याचा आधार घ्यावा लागतो, कारण तो हक्क नुकसान झाल्यावर जन्मतो.

मेलेल्या नोकराचे कुटुंब आणि शेजारचा दुकानदार यांचा ठेकेदाराशी करारच नाही. तरी निष्काळजीपणाचा कायदा त्यांना दार उघडून देतो, कारण छतातल्या आगीची झळ त्यांना बसेल हे कोणाही जाणत्या वीजतंत्र्याला आधी दिसायला हवे. मृत्यूची भरपाई १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली मागता येते.

इथे मालकाच्या सूचनेचे काय? ‘जुनीच लाइन ओढा’ हे त्याने सांगितले होते. कारागिराचा हा सर्वांत आवडता बचाव आणि तो अर्धाच खरा आहे. मालकाने स्वतःच्या नुकसानीचा दावा लावला तर त्याचा वाटा वजा होईल. नोकराच्या कुटुंबापुढे मात्र ही सूचना निरुपयोगी आहे: धोका पत्करायला त्या नोकराने संमती दिली नव्हती आणि मालकाची संमती त्याच्या वतीने चालत नाही. बिलाखाली छापलेल्या ‘नंतर आमची जबाबदारी नाही’ या ओळीचेही तेच. ती तिऱ्हाइताला बांधत नाही आणि फौजदारी कायद्याला तर तिचे अस्तित्वच नाही.

ठेकेदार आणि त्याचा पगारी वायरमन यांच्यात मालक-नोकर संबंध असल्याने कामाच्या ओघातल्या चुकीची भरपाई ठेकेदारावर येते. स्वतंत्र उपठेकेदार असेल तर सर्वसाधारण नियम उलटा: काम देणारा जबाबदार नाही. पण धोकादायक कामाला अपवाद आहे आणि त्याचा प्रसिद्ध इंग्रजी निकाल नेमका प्रकाशाचाच आहे. ‘हनीविल अँड स्टाइन विरुद्ध लार्किन ब्रदर्स’ (१९३४) मध्ये एका कंपनीने चित्रपटगृहात केलेल्या कामाचे फोटो काढायला छायाचित्रकार नेमले. त्या काळच्या मॅग्नेशियम फ्लॅशने पडदे पेटले. न्यायालयाने ठरवले की, फ्लॅश पेटवणे मुळातच धोक्याचे काम असल्याने त्यातली काळजी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. चित्रपटगृहाला भरपाई देणे त्या कंपनीला भाग होते आणि दिलेली रक्कम ती छायाचित्रकारांकडून वसूल करू शकत होती. पुढे इंग्लंडमध्येच या अपवादाची व्याप्ती आवळली गेली. भारतीय न्यायालयांवर तो बंधनकारक नाही, पण वसुलीची त्यातली साखळी बोधप्रद आहे: पीडिताला पैसे देणारा आणि शेवटी भार सोसणारा हे दोघे वेगळे असू शकतात.

उपहारच्या दिवाणी बाजूने वाटणीचा नमुना दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली भरपाईचा ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकला. आग मंडळाच्या जोडातून लागली, तरी मोठा वाटा जागेवर ताबा असणाऱ्याचा ठरला. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हीच दिशा दाखवतो: अग्निसुरक्षेच्या उपायांची जबाबदारी मालक वा भोगवटादारावर आहे आणि ते सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते.

वाटणीतला चौथा भिडू विमा कंपनी. ती मालकाला दावा देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून ठेकेदाराकडून वसुली मागू शकते. ओळखीचा मालक आपल्यावर खटला भरणार नाही, या भरवशाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

६. ग्राहक कायद्याची वेगळी वाट

घरातली प्रकाशयोजना असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अधिक जवळचा. वीजकाम ही सेवा आहे, तिच्यातली त्रुटी जिल्हा आयोगापुढे नेता येते, मुदत दोन वर्षांची. सोसायटीचा पगारी वीजतंत्री मात्र वैयक्तिक सेवेच्या करारात मोडत असल्याने यातून वगळला जातो. व्यापारी हेतूने घेतलेली सेवाही वगळली जाते. पोटापुरत्या स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तरच सवलत. सोलापूरचा दुकानदार या सीमारेषेवर उभा आहे.

या कायद्याने उत्पादन-दायित्वाचा स्वतंत्र भाग आणला आणि त्यात उत्पादक, विक्रेता आणि उत्पादनाशी संबंधित सेवा देणारा असे तीन वर्ग केले. झुंबर टांगणारा वा डाउनलाइट बसवणारा वीजतंत्री तिसऱ्या वर्गात येतो. सेवा सदोष असेल, किंवा पुरेशी सूचना वा इशारा दिला नसेल, तर तो जबाबदार. ‘या दिव्यावर ध्वनिरोधक गादी टाकू नका’ हे न सांगणे म्हणजे निव्वळ विसर नाही. ते दायित्वाचे कारण होऊ शकते. दिवे त्यानेच आणून विकले आणि ड्रायव्हर बदलून बसवला, तर तो विक्रेत्याच्या वर्गातही शिरतो. मजुरीपुरते काम घेणे आणि मालासकट काम घेणे यांत नफ्याबरोबर दायित्वाचाही फरक आहे.

७. पुरावा: आगीनंतर काय उरते

कारणाचा प्रश्न शेवटी पुराव्यावर येतो, आणि आग आपला पुरावा स्वतः जाळते. तांब्याच्या वायरीवर वितळून झालेले मणी हे शॉर्ट सर्किटचे चिन्ह आहे. पण दुसरीकडून आलेल्या आगीत आवरण जळाल्यावरही चालू वायरीत शॉर्ट सर्किट होते आणि तसेच मणी उरतात. मणी दिसले म्हणून आग तिथे सुरू झाली असे होत नाही. ज्वलनाचा सर्वांत खोल ठसा कुठे आहे, कोणती एमसीबी पडली आणि कोणती नाही, सर्किटचा कोणता भाग तेव्हा चालू होता, हे सारे एकत्र वाचावे लागते. तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली ग्राह्य आहे, पण ते मत आहे. कोर्ट त्यामागची कारणे तपासते.

विद्युत अधिनियमाच्या कलम १६१ खाली अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते आणि चौकशी होऊ शकते. मात्र ही तरतूद माणसाच्या वा जनावराच्या जीविताची हानी किंवा इजा यांच्याशी बांधलेली आहे. फक्त माल जळाला तर तांत्रिक चौकशीची तीच हमी राहत नाही. उरतो पंचनामा आणि विम्याच्या सर्व्हेअरचा अहवाल. अशा प्रकरणांत ‘प्राथमिक अंदाज’ हाच अंतिम निष्कर्ष होऊन बसतो.

म्हणून वीजतंत्र्याचा खरा बचाव आग लागण्याआधी तयार होतो. छत बंद करण्यापूर्वी जोडांचे फोटो, मेगरच्या वाचनांची तारखेसह नोंद, भाराचा हिशेब, आणि मालकाने धोक्याची सूचना केली असेल तर तिला लेखी नकार. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेशही चालतो. अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. तोंडी इशाऱ्याला मात्र खटल्यात साक्षीदार मिळत नाही.

८. निष्कर्ष

तीन प्रश्न वेगळे ठेवले की सोलापूरच्या दुकानाचे उत्तर स्पष्ट होते. अधिकाराच्या बाबतीत काम परवान्याच्या कक्षेत होते, सुटीत नव्हते, आणि देखरेख व सही यांची जबाबदारी ठेकेदाराची होती. दर्जाच्या बाबतीत जुन्या लाइनवर भार लादणे ही उणीव होती, आणि जोड पिळलेले असतील तर ते छतात गाडणे हीदेखील. मालकाची सूचना तिला झाकत नाही. कारणाचा प्रश्न खुला आहे: जोड दोषी निघाला तर वायरमन व ठेकेदार, ड्रायव्हर निघाला तर उत्पादक, आणि माळ्याला दुसरी वाट नसेल तर दोन्ही प्रसंगी मालक. पहिल्या नावावर थांबणारी चौकशी यातल्या निम्म्या माणसांपर्यंत पोहोचतच नाही.

कायद्यातल्या दोन फटी यातून दिसतात. परवान्याच्या सुटीतली ‘क्षमता आणि स्वरूप’ ही कसोटी शब्दांत आहे, आकड्यांत नाही. किती पॉइंट वा किती वॅट वाढले की सूट संपते, आणि बंद छतात गेलेला जोड सुटीबाहेर आहे का, हे विनियमाने सरळ सांगितले तर कारागिराला काम घेण्याआधीच आपली जागा कळेल. दुसरे, केवळ मालमत्ता जळालेल्या मोठ्या आगींनाही विद्युत निरीक्षकाची चौकशी बंधनकारक हवी. जीवितहानी टळणे हा बहुधा वेळेचा आणि नशिबाचा भाग असतो; सदोष जोड दोन्ही आगींत तोच असतो. तो शोधण्याची पद्धत नसेल, तर पुढच्या छतातही तसाच जोड गाडला जाईल आणि गुन्हा पुन्हा सर्वांत शेवटी पकड धरणाऱ्या हातावर दाखल होईल.